पाठीतलं पाणी

जंतू मारायचे कसे, हे त्या दवाखान्यात झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ते जगवायचे कसे, हे फक्त मूठकाकूंना.

तळमजल्याच्या टोकाला, जिथे भिंतीवरचे बाण संपतात आणि माणसं 'चुकलो वाटतं' म्हणून परत फिरतात, तिथे त्यांची खोली होती. एक टेबल, एक मायक्रोस्कोप, एक फ्रिज, आणि इन्क्युबेटर म्हणतात ते ऊबदार कपाट. आजारी माणसाच्या अंगातून जंतू निघाला की त्याला प्लेटमध्ये खाऊ घालायचं, कपाटात उबेत ठेवायचं, एकदोन दिवस लाड करून वाढवायचं, आणि मग तो कोण आहे, कोणत्या औषधाने मरतो, ते वर वॉर्डात कळवायचं. आधी पाहुणचार आणि मग चहाडी, असं काकू या कामाचं वर्णन करायच्या. करायच्या म्हणजे कोणापाशी, असं विचाराल तर प्लेटांपाशी. दुसरं होतंच कोण तिथे?

मूठकाकू हे नाव वॉर्डातल्या लोकांनी ठेवलेलं. मेंदूज्वराची शंका आली की पाठीच्या मणक्यांत सुई घालून थोडं पाणी काढतात. निरोगी माणसाचं ते नितळ असतं. गढूळ निघालं की डॉक्टरांचे चेहरे पडतात. आता दवाखान्यात कुठलाही नमुना आला की तो फ्रिजमध्ये ठेवायचा हे सगळ्यांच्या हाडीमासी खिळलेलं. लघवी फ्रिजमध्ये, रक्त फ्रिजमध्ये, सिस्टरांचा डबासुद्धा फ्रिजमध्ये. पण हे पाठीतलं पाणी तेवढं गार करायचं नसतं. मेंदूत शिरून धडधाकट माणसाला चार तासांत आडवं करणारा हा जंतू बाहेर आला की भलताच नाजूक होतो. जरा गारठा लागला की मेला. आणि मेलेला जंतू प्लेटवर उगवत नाही.

हे काकूंनी किती जणांना, किती वेळा आणि किती आवाज चढवून सांगितलं होतं त्याला गणती नाही. "फ्रिजमध्ये ठेवायला ती काय दुधाची पिशवी आहे?" हे वाक्य तर नव्या सिस्टरांना काकूंच्या आधी भेटायचं. शेवटी त्यांनी सांगणंच सोडलं. वॉर्डातून फोन आला की स्वतः तीन जिने चढून जायच्या, दारातच नळी घ्यायच्या, हातमोजा घातलेल्या मुठीत ती बंद करायच्या आणि तशाच मूठ छातीशी धरून खाली यायच्या. लिफ्ट घेत नसत, कारण ती मध्येच अडकायची. नवखे लोक त्यांना पाहून बाजूला सरायचे. बाई मूठ मारायला निघाल्यात, असं एका वॉर्डबॉयने खरंच एकदा कोणाला सांगितलं होतं म्हणे.

दारातूनच नळी घ्यायची, आत जायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे एकतीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांचं पाणी पाहिलं, माणूस मात्र एकही नाही. नळीवर नंबर असायचा, वय असायचं. जंतू सापडला की फोन करायचा आणि फोन ठेवला की संपलं. पुढे त्या माणसाचं काय झालं ते खाली कधी येत नसे. बरा झालेल्या माणसाचा नमुना येत नाही, आणि मेलेल्याचाही येत नाही.

घरी तरी काय होतं? तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. आईवडील लवकर गेले, पाठचे दोघे भाऊ काकूंनी वाढवले, शिकवले, त्यांची लग्नं करून दिली, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे कोणी मोडलं नाही की नाकारलं नाही, नुसतं राहिलं. एक भाऊ परदेशी, दुसरा एका दिवसाच्या प्रवासाएवढा लांब. दोघेही चांगले होते. फोन करायचे. "ताई, बी.पी.ची गोळी घेतेस ना?" असं विचारायचे, आणि गोळी घेतल्याचं कळलं की पुढे काय बोलावं ते दोन्हीकडे सुचत नसे. काकू एकदा स्वयंपाक करायच्या आणि दोनदा जेवायच्या.

तर त्या सकाळी वॉर्डातून फोन आला. अकरा वर्षांची मुलगी, ताप, उलट्या, मान ताठ. गल्लीतल्या डॉक्टरने दोन दिवस कसल्यातरी गोळ्या दिलेल्या. काकू गेल्या, नळी मुठीत घेऊन आल्या. साखर आणि पेशी तपासायच्या नळ्या शेजारच्या खोलीत आधीच गेल्या होत्या. तिथे एक तंत्रज्ञ होता, त्याला सगळे साखरवाला म्हणायचे, कारण दिवसभर तो लोकांच्या रक्तातली साखर मोजायचा आणि स्वतः चहात तीन चमचे घालायचा.

काकू खोलीत शिरतात तोच टेबलावरचा फोन वाजला. ऑफिसातले हेडक्लार्क.

"काकू, आधी अभिनंदन! परवा चार वाजता तुमचा सत्कार. मोठ्या साहेबांनी स्वतः ठरवलंय. एकतीस वर्षांत एकही चूक नाही, असं प्रमाणपत्रावर छापतोय. फोटोवाला आत्ता आलाय, लगेच वर या."

"अहो, माझ्या हातात नमुना आहे."

"वीस मिनिटांचं काम हो. आणि एक सांगा, घरचं कोण येणार? पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवतोय."

"सांगते," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं यातच आहे. जंतूंना वाढवायच्या प्लेटा फ्रिजमध्ये असतात, आणि त्या वापरण्याआधी थोडा वेळ उबेत ठेवाव्या लागतात. गार ताटात जेवण कोणाला आवडतं? काकूंनी फ्रिज उघडला. डोक्यात त्या दोन खुर्च्या. परदेशातला येणार नाही. दुसऱ्याला विचारावं, तर त्याची बायको म्हणेल, एवढ्याशा कार्यक्रमासाठी? शेजारच्या बाई येतील, पण त्यांना घरचं म्हणायचं कसं? काकूंनी प्लेटा उचलल्या. त्यासाठी हात मोकळा हवा होता, म्हणून हातातली नळी ठेवली. कुठे ठेवली? प्लेटा उचलल्यावर जी जागा मोकळी झाली, तिथे. फ्रिज लावला, प्लेटा कपाटात सरकवल्या, नळीही त्यांच्यासोबत सरकवली अशा समजुतीत पदर सारखा केला आणि वर गेल्या.

वीस मिनिटांचा दीड तास झाला. फोटोवाल्याला काकूंचं हसू पसंत पडेना.

परत येऊन त्यांनी कपाट उघडलं. प्लेटा छान कोमट झाल्या होत्या. नळी नव्हती. टेबलावर नव्हती, एप्रनच्या खिशात नव्हती. तो खिसा तसा फाटलेलाच होता, म्हणून त्या खाली वाकून फरशीवरही पाहून आल्या. मग एकच जागा उरली. फ्रिज उघडला. दोन लघवीच्या बाटल्यांमध्ये नळी उभी होती, बाहेरून दव धरलेली.

"काय हो काकू, फ्रिजमध्ये?" दारात साखरवाला उभा होता. अकरा वर्षांच्या मुलीच्या पेशींचा कागद द्यायला आला होता. एकतीस वर्षं ज्या वाक्याने काकूंनी दवाखाना हलवून सोडला, ते त्याच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. पण काकूंचं तोंड पाहून त्याने ते गिळलं. स्वभावाने तो वाईट नव्हता. "जाऊ द्या," तो म्हणाला. "तासदीड तासाने काय होतं? लावून टाका प्लेटवर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

काकूंनी लावलं. आधी नळी यंत्रात गरगर फिरवली, वरचं नितळ पाणी वेगळ्या नळीत काढून ठेवलं, तळाचा साका प्लेटांवर पसरला. एक थेंब काचेवर घेऊन रंगवला. जांभळा रंग, मग स्पिरिट, मग लाल रंग, असे त्याचे ठरलेले सोपस्कार असतात. मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या पेशी दिसल्या, फार नाहीत. जंतू एकही दिसला नाही. त्यांनी काचेवरच्या शंभर जागा पाहिल्या, मग आणखी शंभर.

साखरवाल्याच्या कागदावरचे आकडे म्हणजे ना धड इकडचे ना धड तिकडचे. पेशी वाढलेल्या पण बेताने, साखर कमी पण फार नाही. साध्या विषाणूचा मेंदूज्वर असला तरी असे आकडे येतात आणि तो आपोआप बरा होतो. किंवा मग खरा जंतूच असेल, गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्यांनी अर्धमेला झालेला, आणि त्याला सोडून दिलं तर तो आठवड्याभरात पुन्हा डोकं वर काढेल. आता निवाडा प्लेटेने करायचा होता. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरबाईंनी इंजेक्शनं चालू केली आणि फोनवर सांगितलं, "काकू, अठ्ठेचाळीस तासांत काही उगवलं नाही तर इंजेक्शन बंद करून घरी पाठवते. सगळं तुमच्यावर आहे."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. काकूंनाही ते कळत होतं. पण 'बरं' म्हणून त्यांनी फोन ठेवला. उगवेलही, त्या स्वतःला म्हणाल्या. काही जंतू असतात चिवट. उगवलं की प्रश्न मिटला.

दुपारी त्यांच्या खिडकीबाहेरच्या बाकापाशी एक माणूस आला. त्या बाकावर कधी कोणी बसत नसे. तो मुलीचा बाप होता, व्यवसायाने शिंपी. वॉर्डात एकालाच राहू देत आणि तिथे मुलीची आई होती.

"डॉक्टर म्हणाल्या की सगळं लॅबवर आहे," तो म्हणाला. "मग म्हटलं, लॅबपाशीच बसावं. चालेल ना, ताई?"

काकूंना ताई म्हणणारी माणसं जगात दोनच होती आणि तीही फोनवर. समोर उभं राहून ताई म्हटलेलं त्यांनी कितीतरी वर्षांनी ऐकलं. "बसा," त्या म्हणाल्या.

तो बसला आणि बोलत राहिला. माणूस घाबरला की एकतर गप्प होतो नाहीतर बडबडतो, हा दुसऱ्यातला. मुलगी पाचवीत आहे, तिला आकडेमोड आवडते, मापं ती घेते आणि कापड तो कापतो. धाकटा मुलगा तिच्याशिवाय झोपत नाही. मध्येच म्हणायचा, "काही उगवलं का, ताई?" काकू सांगायच्या की इतक्यात उगवत नाही. त्याने प्लेट कशी असते ते विचारलं. काकूंनी खिडकीतून एक कोरी प्लेट दाखवली, तपकिरी, गुळगुळीत.

"हिला आम्ही चॉकलेट प्लेट म्हणतो."

"चॉकलेट घालतात?"

"छे हो. रक्त शिजवून घालतात."

शिंप्याने तोंड वेंगाडलं आणि मग हसला, आणि काकूही हसल्या. फोटोवाल्याने पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. दीड तास मागूनही त्याला जे मिळालं नव्हतं, ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आल्या. कपाट उघडून प्लेट उजेडाला धरली, तिरकी केली, भिंग लावलं. काही नव्हतं. "उठा रे," त्या प्लेटेला म्हणाल्या. "उठा, एवढं खायला घातलंय." आयुष्यात पहिल्यांदा त्या एखाद्या पोरीच्या पाण्यात जंतू निघावा म्हणून मनातून विनवण्या करत होत्या, आणि आपण काय मागतोय ते ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

शिंपी बाकावर हजर होता.

"काही उगवलं का, ताई?"

"अजून काही नाही."

त्याचा चेहरा उजळला. त्याच्या हिशेबी काही नाही म्हणजे जंतू नाही, जंतू नाही म्हणजे उद्या घरी. त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? एरवी तसंच असतं. त्याने लगेच घरी फोन लावला. "लॅबच्या ताई म्हणाल्या, काही नाही म्हणून!" काकू खिडकीच्या आत उभ्या होत्या. सांगते, आत्ता सांगते, असं म्हणत त्या उभ्याच राहिल्या.

फोन झाल्यावर त्याचं लक्ष त्यांच्या एप्रनकडे गेलं. "खिसा फाटलाय तुमचा. द्या इकडे. सुईदोरा माझ्या पाकिटात कायम असतो." नको नको म्हणता म्हणता काकूंनी दुसरा एप्रन अंगात चढवला आणि हा दिला. अर्धा तास तो बाकावर मान खाली घालून खिसा शिवत होता. इतका बारीक टाका काकूंनी पाहिला नव्हता. आपलं एखादं काम दुसऱ्या कोणीतरी न मागता करतंय, ही गोष्ट त्यांना इतकी नवी होती की त्या मायक्रोस्कोपवर जाऊन बसल्या. काचेखाली काही नव्हतं, नुसता दिवा पेटवून बसल्या.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी धाकट्या भावाला फोन केला. त्याला सगळं सांगावं असं मनात होतं. तो म्हणाला, "ताई, मीटिंगमध्ये आहे, गोळी घेतलीस ना?" त्या म्हणाल्या, "घेतली."

तिसऱ्या दिवशीही प्लेट कोरी. दहा वाजता वॉर्डातून फोन आला.

"काकू, अठ्ठेचाळीस तास झाले. काही नाही ना? इंजेक्शनची वेळ झालीये, नसेल तर बंदच करते. बाप कधीचा मागे लागलाय घरी नेतो म्हणून."

काकूंनी प्लेटेकडे पाहिलं. काही नाही, एवढंच म्हणायचं होतं, आणि ते अक्षरशः खरं होतं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. चार वाजता सत्कार होता, सहा महिन्यांनी निवृत्ती, आणि फ्रिजची गोष्ट साखरवाल्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. आणि कदाचित तो विषाणूच असेल. बहुतेक विषाणूच असेल. पण नसला तर? तर ती पोर मापं घेता घेता पुन्हा आडवी होईल, आणि या वेळी दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. आणि खाली काकूंना ते कधी कळणारही नाही. त्यांना मात्र तसं झालं असेल असं रोज वाटत राहील.

"काकू? हॅलो?"

"इंजेक्शन बंद करू नका," काकू म्हणाल्या. "या प्लेटेवर विश्वास ठेवू नका. नळी दीड तास फ्रिजमध्ये होती."

"फ्रिजमध्ये? कोणी ठेवली?"

"मी."

"काकू, हे तुम्ही आज सांगताय?"

"हो. चुकलंच. पण वरचं पाणी मी जपून ठेवलंय. जंतू मेला असला तरी त्याच्या खुणा त्यात राहतात. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू, तिथे मेलेल्याचीही ओळख पटवतात. तोवर इंजेक्शन थांबवू नका. माझ्यासाठी एवढं करा."

"तुमच्यासाठी कशाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "पेशंटसाठी करते. पाठवा लगेच."

नळी पाठवून झाल्यावर काकू खिडकीपाशी आल्या. शिंपी उभाच होता, पिशवी भरून तयार. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, एका दमात. काही लपवलं नाही, फोटोचंही सांगितलं. दोन दिवस अखंड बोलणारा माणूस गप्प झाला की त्याचा आवाज किती हवासा वाटतो ते काकूंना तेव्हा कळलं.

"माणूस चुकतो," शेवटी तो म्हणाला. "माझीसुद्धा कापडं वाकडी कापली जातात. पण दोन दिवस मी इथे बसलो होतो, ताई. तुमचा खिसा शिवत होतो. तेव्हा तरी सांगायचं."

तो पिशवी उचलून वॉर्डाकडे गेला आणि पुन्हा त्या बाकावर बसला नाही.

मोठ्या साहेबांकडे त्या स्वतःहून गेल्या. साहेबांच्या टेबलावर प्रमाणपत्र छापून, चौकटीत बसवून तयार होतं.

"बाई, हे काल सांगितलं असतं तर छापलं नसतं," साहेब म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आधी चौकटीचं आणि मग काकूंचं. बराच वेळ त्यांनी पेन उघडबंद केलं. "शिक्षा वगैरे करणार नाही मी. तुमची नोकरी पाहता ते शोभणारही नाही. पण वर विचारतील, काय केलं म्हणून. तेव्हा आजपासून पाठीच्या पाण्याची नळी तुम्ही एकट्याने हाताळायची नाही. घेताना, ठेवताना, प्लेटवर लावताना शेजारी दुसरा माणूस हवा. दोघांच्या सह्या."

"खाली दुसरं कोणी नाही, साहेब."

"शेजारी आहे ना तो, साखरवाला. त्याला बोलवायचं."

सत्कार झाला. चार वाजताची वेळ ठरली होती, बिस्किटं आली होती, तेव्हा तो होणंच भाग होतं. फाटकावरच्या वॉचमनने बावीस वर्षांत एकही दांडी मारली नव्हती, त्याचा झाला. त्याच्या दोन्ही मुली पहिल्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होत्या. काकूंनी तळमजल्यावर प्लेटा धुवायला टाकल्या. वाईट वाटलं का? वाटलं. साफ खोटं सांगायचं तर म्हणता येईल की मनावरचं ओझं उतरलं, हलकं वाटलं. तसं काही झालं नाही. ओझं होतं तेव्हा त्याची सोबत तरी होती.

पाचव्या दिवशी मोठ्या प्रयोगशाळेचा कागद आला. पाण्यात जंतूच्या खुणा होत्या. खराच मेंदूज्वर, आणि तोही एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा. वॉर्डात धावपळ झाली. इंजेक्शनं पुढे चालू राहिली. आईला, बापाला, बहिणीशिवाय न झोपणाऱ्या धाकट्याला आणि शाळेत तिच्या बाकावर बसणाऱ्या दोघींना प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या गेल्या. काकू बोलल्या नसत्या तर यातलं काहीच झालं नसतं. पण काकू बोलल्या म्हणून हे झालं, असंही कोणी म्हटलं नाही. लोकांच्या तोंडी एवढंच राहिलं की मूठकाकूंनी नळी फ्रिजमध्ये ठेवली. पोरसवदा शिकाऊ सिस्टर आता त्यांना पाहून लांबूनच एकमेकींना कोपर मारायच्या.

शिरस्ता मोडून काकूंनी एकदा वॉर्डात फोन केला. नमुन्याचं काही काम नव्हतं, नुसतंच विचारायला.

"ती अकरा वर्षांची मुलगी..."

"गेली की घरी, काल," डॉक्टरबाई घाईत होत्या. "चालत गेली."

"ऐकू येतं ना तिला? या आजारात कान जातात म्हणून विचारते."

"येतं हो, दोन्ही कानांनी. तपासलंय." मग त्या म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत ते. उशिरा का होईना."

काकूंनी फोन ठेवला आणि त्यांना रडू कोसळलं. चालत गेली, दोन्ही कानांनी ऐकत गेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना एका नळीचं पुढे काय झालं ते कळलं होतं, आणि ते कोणाला तरी सांगावं अशी इतकी अनावर इच्छा झाली की त्या उठून दारापर्यंत गेल्या. कॉरिडॉर रिकामा होता. शेजारच्या खोलीत साखरवाल्याचं मशीन चालू होतं. त्या परत येऊन बसल्या.

पुढच्या आठवड्यात पाठीच्या पाण्याची दुसरी नळी आली. मध्यमवयीन माणूस, एवढंच नळीवर लिहिलेलं. पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ. काकूंनी नियमाप्रमाणे साखरवाल्याला हाक मारली. तो हातातलं काम टाकून आला, जरा वैतागलेला, आणि हाताची घडी घालून त्यांच्या टेबलाशेजारी उभा राहिला. आजवर तिथे कोणी उभं राहिलं नव्हतं. राहिलं ते काकूंवर भरवसा उरला नाही म्हणून. पण खरं सांगायचं तर शेजारी दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता आणि काकूंना तो बरा वाटत होता. त्या त्याला एकेक गोष्ट सांगायला लागल्या. नळी अशी धरायची. साका असा उचलायचा. स्पिरिट मोजून एवढेच क्षण, जास्त झालं की रंग धुतला जातो आणि जंतू भलताच कोणी वाटतो. तो हूं हूं करत होता.

काच मायक्रोस्कोपखाली गेली आणि काकूंनी डोळा लावला. पांढऱ्या पेशींच्या गर्दीत जांभळ्या ठिपक्यांच्या जोड्या होत्या, दोन दोन, एकमेकांना टेकलेल्या, प्रत्येक जोडीभोवती उजळ कडं. इतकं स्पष्ट चित्र वर्षावर्षात दिसत नाही. आजवर ते जेव्हा जेव्हा दिसलं, तेव्हा काकूंनी ते एकटीने पाहिलं होतं. त्या लगबगीने स्टुलावरून उठल्या, स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"ये, ये, बघ तरी. कशा जोडीजोडीने बसलेत बघ!"

साखरवाल्याने घड्याळात पाहिलं. त्याच्या मशीनमध्ये रक्तं लावलेली होती.

"काकू," तो म्हणाला, "सही कुठे करायची तेवढं सांगा."

त्यांनी वहीवर बोट ठेवून जागा दाखवली.